देखरेखीखाली

आमच्या रुग्णालयात हाड मोडलेला माणूस आला की तो डॉक्टरचं नाव विचारायचा नाही. "प्लास्टरताई आहेत ना?" एवढंच विचारायचा. मला त्याचा कधी राग आला नाही. खरं सांगायचं तर माझी त्यात सोयच होती.

मी त्या सरकारी रुग्णालयात बत्तीस वर्षं हाडांचा डॉक्टर होतो, त्यातली शेवटची अठरा विभागप्रमुख. प्लास्टरची खोली तळमजल्यावर, एक्स-रेला लागून होती. रेक्झिन फाटलेलं एक लांब टेबल आणि एक खोल बेसिन, ज्याचा पाइप दर दोन-तीन महिन्यांनी प्लास्टरच्या गाळानं तुंबायचा. कपाटात कापसाच्या गुंडाळ्या, बँडेजचे रोल. खिळ्याला टांगलेली गोल पात्याची करवत, जी पाहून भले भले पांढरे पडायचे. फरशी कितीही पुसा, दुपारपर्यंत तिच्यावर पिठासारखा थर बसलेला असायचा.

ती फरशी पुसायलाच ताई पहिल्यांदा तिथं आल्या. तेव्हा त्या बाविशीत होत्या आणि त्यांची शाळा आठवीतच सुटलेली होती. खोलीत प्लास्टर लावणारा जुना माणूस होता, त्याच्या हाताखाली त्या आधी बादली भरायला लागल्या, मग रोल भिजवून द्यायला, मग रुग्णाचा हात धरायला. तो निवृत्त झाला. त्याची जागा भरायचा प्रस्ताव वर गेला आणि ते घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. पण हाडं काही प्रस्ताव मंजूर व्हायची वाट बघत नाहीत. ताई प्लास्टर लावायला लागल्या. कागदावर सफाई कर्मचारी, प्रत्यक्षात प्लास्टरची खोली त्यांची. असं चोवीस वर्षं चाललं.

त्यांचा हात कसा होता ते सांगतो. रोल पाण्यात सोडला की बुडबुडे थांबेपर्यंत त्या बोलायच्या नाहीत. थांबले की दोन्ही टोकांनी हलकेच पिळायचा आणि न ओढता नुसता फिरवत न्यायचा. "ओढलं की आवळलं," असं त्या म्हणायच्या. वरून गुळगुळीत करायचं ते तळव्यानं. बोटांनी नाही, कारण ओल्यात बोट रुतलं तर आतून उंचवटा होतो आणि कातडीला जखम करतो. ताजं हाड मोडलेलं असेल तर पूर्ण प्लास्टर त्या कधीच लावायच्या नाहीत. आधी अर्धं, खालच्या बाजूनं, वरून पट्टी. सूज उतरली की पाच-सहा दिवसांनी पूर्ण. त्याला त्यांचे स्वतःचे शब्द होते, "आधी पाळणा, मग पेटी."

मुलं करवतीला घाबरायची. मग ताई ती चालू करून स्वतःच्या तळहातावर टेकवायच्या. "बघ, कापतंय का? हिला मऊ माणूस आवडत नाही. फक्त कडक लोकांना कापते." नंतर माझ्याकडे बघून म्हणायच्या, "सर, तुम्ही जरा लांब उभे राहा."

आता माझ्या सोयीबद्दल. सरकारी डॉक्टरला बाहेर खाजगी दवाखाना चालवायला परवानगी नव्हती. माझा होता. पाटी बायकोच्या नावाची. ती भूल देणारी डॉक्टर होती, त्यामुळे कुणी विचारलं तर उत्तर तयार. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी दोनला मी रुग्णालयातून निघायचो. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. त्या दोन दुपारी ताई मला फोन करायच्या. "सर, मनगट आहे. थोडं सरकलंय. ओढून बसवते आणि लावते." मी म्हणायचो, "लावा." दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर समोर यायचं, मी सही करायचो. पुढे पुढे त्यांनी फोन करणंही सोडलं. सरकलेलं हाड बसवणं हे डॉक्टरचं काम, प्लास्टरवाल्याचंसुद्धा नव्हे. पण त्यांनी बसवलेलं एकही मनगट मला परत बसवावं लागलं नाही. बसवावं लागलं असतं तर मी वेळीच सावध झालो असतो, असं आता वाटतं.

मग नवा कायदा आला. दुसऱ्या कुठल्याशा गावी, एका खाजगी दवाखान्यात, काहीही न शिकलेल्या माणसानं एका मुलीच्या हाताला आवळून प्लास्टर घातलं. मुलगी दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी उघडलं तेव्हा उशीर झाला होता, हात कायमचा वाकडा आणि निकामी झाला. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, सभागृहात प्रश्न विचारले गेले आणि ठरलं की प्लास्टर, एक्स-रे, भूल यांतल्या प्रत्येक तंत्रज्ञाची सरकारनं नेमलेल्या नव्या परिषदेकडे नोंदणी हवी. नोंदणी नसेल त्यानं रुग्णाला हात लावायचा नाही.

कायदा चांगला होता. आमच्या रुग्णालयातल्या बैठकीत मी उभा राहून तसं बोललोसुद्धा. म्हणालो, "रुग्णाला समोरचा माणूस कोण आहे हे कळण्याचा हक्क आहे." टाळ्या पडल्या. ताई दाराशी चहाचे कप गोळा करत उभ्या होत्या, त्यांनीही वाजवल्या.

आणि कायदा करणाऱ्यांनी जुन्या माणसांचा विचारही केला होता. शिक्षण नसलं तरी दहा वर्षं स्वतंत्रपणे काम केलेलं असेल, विभागप्रमुखानं तसं लिहून दिलं आणि परिषदेसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवलं, तर नोंदणी मिळणार होती. अर्ज करायला एक वर्षाची मुदत होती. ताईंची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिनं अर्ज सुवाच्य अक्षरात भरला आणि ताई तो घेऊन माझ्या खोलीत आल्या. हात पुसूनच आल्या होत्या, तरी कागदाच्या कोपऱ्यावर पांढरा ठसा उमटला.

"सर, तुमचं पत्र तुम्हीच थेट पाठवायचं आहे. मला दाखवायचं नाही म्हणे."

"हो, गोपनीय असतं ते."

"नीट लिहा हं. तुमच्या सहीवर चोवीस वर्षं चाललं. आता एकदा माझ्या सहीवर चालू दे."

मी हसलो. म्हणालो, "ताई, तुमचं नाही होणार तर कुणाचं होणार?"

पत्राचा नमुना परिषदेनंच दिलेला होता. सातवा रकाना असा: अर्जदाराने स्वतंत्रपणे केलेल्या कामाचे स्वरूप, आणि त्या वेळी वरिष्ठ उपस्थित होते किंवा कसे.

तीन आठवडे तो कागद माझ्या टेबलाच्या खणात होता. खरं लिहायचं तर लिहावं लागलं असतं की वरिष्ठ उपस्थित नव्हते. किती वेळा? आठवड्यातून दोनदा, इतकी वर्षं. का नव्हते? पुढचे प्रश्न कुठे जातील ते मला दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तिचंही काम होईल आणि आपल्याही अंगाशी येणार नाही असं काहीतरी लिही ना. शब्दांचा काय तोटा आहे?"

मी लिहिलं, "अर्जदाराने चोवीस वर्षे वरिष्ठांच्या थेट देखरेखीखाली प्लास्टरच्या कामात उत्तम सहाय्य केले आहे." खाली त्यांच्या कौशल्याची, वक्तशीरपणाची, स्वभावाची तोंड भरून स्तुती केली. वाचून मलाच बरं वाटलं. परिषदेतले लोक काय दूधखुळे आहेत, त्यांना ओळींच्या मधलं कळेल, अशी मी माझी समजूत घातली. पाकीट बंद केलं.

अडीच महिन्यांनी उत्तर आलं. ताईंनी ते माझ्यासमोर ठेवलं. अर्ज नामंजूर. स्वतंत्र अनुभव सिद्ध होत नाही. अर्जदार सहाय्यक असल्याचे विभागप्रमुखांच्या पत्रावरून दिसते. प्रात्यक्षिकाला त्यांना बोलावलंच नव्हतं.

"सर," त्या म्हणाल्या, "सहाय्यक कुणाची होते मी?"

त्यांच्या आवाजात चीड नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं. खोलीत तर त्या एकट्याच असायच्या.

मी म्हणालो, "सरकारी भाषा असते ती. आपण अपील करू. मी स्वतः येतो."

अपिलाची सुनावणी राजधानीत होती. आम्ही एकाच बसनं गेलो. ताई, त्यांची मुलगी आणि मी. ताईंनी इस्त्री केलेली साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी होती, तिच्यात रजिस्टरच्या पानांच्या प्रती. मुलगी वाटेत म्हणाली, "आई, यातल्या एकाही पानावर तुझं नाव नाही." ताई म्हणाल्या, "नाव नसलं तर नसू दे. सर आहेत ना बरोबर."

सुनावणीची खोली लहान होती. टेबलापलीकडे तिघं जण. मधल्या अध्यक्षबाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मऊ. त्यांनी आधी ताईंनाच विचारलं की ताज्या मोडलेल्या हाडाला काय लावता. ताईंनी हात हवेत धरून दाखवलं, कुठून सुरू करायचं, कोपर किती वाकवायचं, नख दाबून रंग परत येतो का कसं बघायचं. शेवटी म्हणाल्या, "आधी पाळणा, मग पेटी." उजवीकडचे सदस्य हसले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, झालं काम.

मग अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टर, या बाईंना काम येतं हे आम्हाला दिसतंय. पण कायद्यात शब्द आहे स्वतंत्रपणे. तुमच्या पत्रात आहे देखरेखीखाली. आम्हाला यांना प्रात्यक्षिकाला बोलवायचं आहे. तुम्ही एवढंच सांगा, या कधी एकट्यानं काम करायच्या का? एक वाक्य पुरे."

तिसरे सदस्य खातेचौकशीच्या विभागातून आलेले होते. त्यांनी पेनचं टोपण काढलं. कदाचित पेन तसंच उघडलं असेल, कदाचित त्यांच्या मनात काही नसेलही. पण माझी नजर त्या पेनावर खिळली. निवृत्तीला सहा वर्षं होती. पाटी बायकोच्या नावाची होती, पण त्या दवाखान्यातल्या पावत्यांवर अक्षर माझं होतं.

मी म्हणालो, "मी कायम उपलब्ध असायचो. काम माझ्या देखरेखीखालीच व्हायचं."

अध्यक्षबाईंनी ताईंकडे बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे? सर म्हणतात ते बरोबर आहे?"

त्या एका क्षणात ताई मला बुडवू शकल्या असत्या. मंगळवार म्हटलं असतं, गुरुवार म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. मुलीनं त्यांचा दंड धरला. ताईंनी माझ्याकडे पाहिलं; मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होतो.

"सर सांगतात तसंच," त्या म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी पुढे बसलो आणि त्या दोघी मागे. थांब्यावर मी चहा विचारायला गेलो. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. ताई म्हणाल्या, "नको सर, ॲसिडिटी होते." चोवीस वर्षं मी त्यांना दिवसातून चार कप पिताना बघितलं होतं.

अपील फेटाळलं गेलं. ताईंना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, रुग्णाचं नाव-वय लिहायला. नवा नोंदणीकृत तंत्रज्ञ मिळेपर्यंत प्लास्टरचं काम डॉक्टरांनीच करावं, असा आदेश आला. हाडांचे आम्ही दोनच डॉक्टर होतो. दुसरी डॉक्टर नुकतीच लागलेली, ती बहुतेक वेळ शस्त्रक्रियेच्या खोलीत. राहिलो मी. दुपारनंतर येणाऱ्यांना आम्ही दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी द्यायला लागलो. दीड तासाचा रस्ता, मोडलेला पाय घेऊन. लोक चिठ्ठी घेऊन केसपेपरच्या खिडकीशी यायचे आणि ताईंना विचारायचे, "ताई, तुम्हीच लावा ना." ताई म्हणायच्या, "मला आता फक्त पेन धरायची परवानगी आहे."

माझे हात प्लास्टर विसरले होते. वीस वर्षांत मी एखाददुसरं लावलं असेल. पाणी गार की कोमट इथपासून घोळ. रोल माझ्या हातात चुरगळायचा. एका आजोबांचं प्लास्टर वाळल्यावर अशा आकाराचं झालं की ते म्हणाले, "डॉक्टर, हा पाय माझाच आहे ना?"

एका गुरुवारी, पावणेदोनला, झोपाळ्यावरून पडलेली नऊ वर्षांची मुलगी आली. कोपर आणि मनगटाच्या मधलं हाड मोडलेलं, पण जागेवरच होतं. बाहेर आणखी चौघं. माझ्या दवाखान्यात सव्वादोनला माणसं येऊन बसायची. अर्धं प्लास्टर लावायचं तर पाच दिवसांनी पुन्हा बोलवायचं, पुन्हा पूर्ण लावायचं. मी विचार केला, एकदाच पूर्ण लावून टाकावं, सूज फारशी नाहीये. लावलं. मुलगी म्हणाली, "घट्ट वाटतंय." मी म्हणालो, "प्लास्टर घट्टच असतं बाळा."

शुक्रवारी सकाळी तिची आई तिला घेऊन खिडकीशी उभी होती. मी अजून यायचा होतो. पुढचं मला त्या आईनं सांगितलं.

ताईंनी नाव विचारायला मान वर केली आणि मुलीची बोटं बघितली. निळसर, फुगलेली, प्लास्टरच्या बाहेर लोंबणारी. त्यांनी खिडकीतून हात घालून नख दाबलं. पांढरं झालं ते पांढरंच राहिलं. एक बोट सरळ करून बघितलं तशी मुलगी किंचाळली. ताई खुर्चीवरून उठल्या, मुलीला कडेवर घेतलं आणि प्लास्टरच्या खोलीत गेल्या. कुलूप होतं. शिपाई म्हणाला, "ताई, तुम्हाला आत जायची मनाई आहे." ताई म्हणाल्या, "हे मला सांगू नकोस, या बोटांना सांग." त्यानं किल्ली दिली.

त्यांनी करवतीनं मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही बाजूंनी प्लास्टर कापलं आणि पसरलं. मग कात्रीनं आतला कापूसही कातडी दिसेपर्यंत कापला. पुष्कळ लोक नुसतं प्लास्टर कापून थांबतात. कापूस राहिला तरी आवळ राहतोच. मुलीचा हात उशीवर उंच ठेवून त्या बाजूला बसल्या आणि दर मिनिटाला नख दाबत राहिल्या. मी पोचलो तेव्हा बोटं गुलाबी व्हायला लागली होती. मी शस्त्रक्रियेची तयारी करायला सांगितलं, पण गरज पडली नाही. हात वाचला. आणखी चार तासांनी काय झालं असतं ते मला माहीत होतं. ज्या मुलीमुळे कायदा आला ती मला आठवत होती.

मी ताईंना म्हणालो, "तुम्ही होता म्हणून."

त्या रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होत्या. तारीख, वेळ, मुलीचं नाव, प्लास्टर आवळल्याने कापले. खाली सही. त्यांची स्वतःची, शाळकरी अक्षरातली, पूर्ण नावाची. इतक्या वर्षांत त्या रजिस्टरमध्ये ती पहिल्यांदाच होती.

त्या सहीमुळेच प्रकरण अधीक्षकांच्या टेबलावर गेलं. त्यांनी मला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला भानगड नको होती.

"नोंदणी नसताना हात लावला म्हणून त्यांना नोटीस काढावी लागेल. आणि नोटीस काढली की चौकशी. चौकशीत विचारतील, प्लास्टर आवळलं का, लावलं कुणी." त्यांनी उठून दार लोटून घेतलं. "कायद्यात एक सोय आहे. तातडीच्या वेळी डॉक्टरच्या सूचनेवरून कुणीही प्लास्टर कापू शकतं. तुम्ही फोनवरून सूचना दिली असेल ना?"

एका दगडात दोन पक्षी. ताई सुटतात, मीही सुटतो. मी तिथंच कागद मागून घेतला आणि लिहिलं, "सदर कार्यवाही माझ्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार करण्यात आली." रजिस्टरमध्येही त्यांच्या नोंदीखाली तेच लिहून सही केली. खरं सांगतो, त्या दिवशी मला हलकं वाटत होतं. निदान या वेळी तरी ताईंसाठी काही केलं असं वाटत होतं.

संध्याकाळी पाचला, खिडकी बंद करून त्या माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

"सर, फोन कधी केला होता तुम्ही?"

"ताई, तसं लिहिलं नसतं तर तुम्हाला नोटीस आली असती. नोकरी गेली असती."

"गेली असती तर गेली असती."

"असं कसं म्हणता?"

"मग कसं म्हणू?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला होता. "तिथं सुनावणीत तुमच्या देखरेखीखाली म्हणालात, मी गप्प बसले. म्हटलं, सरांची नोकरी आहे, संसार आहे, आपलं एक नाव नाही लागलं तर काय मोठंसं. पण आज त्या पोरीचं नख मी दाबलं. कुलूप मी उघडायला लावलं. तुम्ही घरी होता. तेवढं एक तरी माझं राहू द्यायचं होतं सर. त्याच्यावरही तुम्ही बसलात."

त्या दाराशी गेल्या, आणि जाताना सवयीनं दार हलक्या हातानं लावून गेल्या.

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. निरोप समारंभ नको म्हणाल्या. अर्जावर विभागप्रमुखाचा शेरा लागतो. मी "हरकत नाही" असं लिहिलं. दुसरं काय लिहिणार होतो?

नवा तंत्रज्ञ सहा महिन्यांनी आला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला, मन लावून काम करणारा. त्याच्या हातून काही वावगं झालं नाही. लोक हळूहळू त्याला ओळखायला लागले. मला कधी कधी वाटायचं, निदान त्यानं एखादी चूक करावी म्हणजे ताईंची किंमत सगळ्यांना कळेल. मग स्वतःचीच लाज वाटायची. चूक म्हणजे कुणाचा तरी हात असतो.

मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी निघणं मी त्या शुक्रवारनंतर बंद केलं. बायको म्हणाली, "आता काय उपयोग?" तिचं खरं होतं. पाटी पुढच्या वर्षी उतरवली.

मी निवृत्त झालो आणि पेन्शन सुरू झाल्यावर, म्हणजे सगळ्या बाजूंनी सुरक्षित झाल्यावर, परिषदेला चार पानांचं पत्र लिहिलं. सगळं. मंगळवार, गुरुवार, पाटी, सातवा रकाना, पाण्याचा ग्लास सोडून बाकी सगळं. माझ्यावर कारवाई करा आणि त्यांचा अर्ज पुन्हा उघडा, अशी विनंती केली. सात महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. अनुभवी अर्जदारांसाठीची मुदत संपुष्टात आलेली असल्याने प्रकरण पुन्हा विचारात घेता येत नाही. आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.

मला कुणी साधं बोलावलंही नाही.

पत्राची प्रत आणि ते उत्तर घेऊन मी ताईंकडे गेलो. त्या एका शाळेत लहान मुलांच्या बसवर असायच्या, मुलांना चढवणं, उतरवणं. शाळा सुटायला अर्धा तास होता. फाटकाजवळच्या बाकावर त्या एकट्या बसलेल्या दिसल्या. केस बरेच पिकले होते. मला बघून उठायला लागल्या, मी नको म्हटलं.

"या सर. घरी डॉक्टरबाईंचे गुडघे कसे आहेत?"

"एक बदलला. दुसरा बदलायचाय."

"जिना टाळायला सांगा."

मी पाकीट दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि चारही पानं वाचली, सावकाश, ओळीखाली बोट धरून. मी समोरच्या भिंतीवरची मुलांची चित्रं बघत बसलो. मग परिषदेचं उत्तर वाचलं. सगळं होतं तसं घडी घालून पाकिटात ठेवलं.

"अक्षर छान आहे सर," त्या म्हणाल्या. "डॉक्टरचं वाटत नाही."

मी हसायचा प्रयत्न केला. "ताई, मला तेव्हाच..."

"तेव्हा लिहिलं असतं तर तुमची नोकरी गेली असती."

"हो."

"आणि मला लायसन्स मिळालं असतं."

"हो."

त्यांनी मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी नाही, नुसतं ऐकलं म्हणून. मग म्हणाल्या, "मुलगी म्हणते, तू सुनावणीत का बोलली नाहीस. अजून भांडते माझ्याशी. मला पण कधी कधी वाटतं, बोलायला हवं होतं. तुमच्यासाठी गप्प बसले असं मी तुम्हाला म्हटलं खरं. पण तसं नव्हतं सर. मला वाटलं, मी बोलले आणि तुम्ही परत नाही म्हणालात तर? मग मी त्या बाईंसमोर खोटी पडले असते." त्यांनी चष्मा काढला. "तुमच्यावर भरवसा नव्हता तेव्हा माझा. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं."

घंटा झाली. ताई उठल्या, पाकीट पर्समध्ये टाकलं आणि फाटक उघडायला गेल्या. मुलं धावत बाहेर आली. त्या एकेकाला दंडाला धरून पायरीवर चढवू लागल्या, डोकी मोजत. बस भरली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ताईंनी दाराशी उभं राहून माझ्याकडे एकदा हात केला, आणि दार ओढून घेतलं.